दंडघेर

अंगणवाडीच्या कपाटात माझी एक पट्टी असते. मऊ प्लॅस्टिकची, तिच्यावर तांबडा, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग. लेकराच्या डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करायची, हात सैल सोडायला लावायचा आणि पट्टी तिथं गुंडाळायची. आवळायची नाही, लोंबूही द्यायची नाही. आकडा ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की लेकरू तांबड्यात, म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ पिवळ्यात, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषित. त्याच्या वर हिरवं. रजिस्टरात या मापाला दंडघेर म्हणतात. देवगाव रंगारीत लेकरांचे दंडघेर मी १९ वर्षं मोजत आले आहे.

मागच्या वर्षी माझ्या बहिणीचा मुलगा पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला आला. सकाळी १६०० मीटर धावणं आणि गोळाफेक, संध्याकाळी गावातली जिम. एका रात्री जेवणं झाल्यावर त्यानं माझ्या शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला, हाताची मूठ वळली आणि म्हणाला, "मावशी, जरा धर ना, एकट्याला जमत नाही." मी टेप धरला. सव्वापंधरा इंच. माझी बोटं आपोआप त्याच जागी गेली होती, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर. त्या दिवशी सकाळपासून मी अकरा लेकरांच्या त्याच जागेला पट्टी लावली होती. तिथं ते माप जगण्यामरण्याचं होतं. इथं ते कशाचं होतं?

मला त्याचं कौतुकच वाटलं. बारीक, खांदे पाडून चालणारं पोर बघता बघता ताठ चालायला लागलं होतं. पण तो प्रश्न काही मनातून जाईना. माणसानं आपल्या देहासाठी किती करावं? आणि कुठवर केलं म्हणजे तो धर्म राहतो?

प्रश्न माझाही होता. वय ४५. रक्तातली साखर हद्दीवर आलेली, ओटा उतरताना गुडघे धरायचे. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "चालता ते चांगलंच, पण स्नायू झिजतायत. तिशीनंतर ते हळूहळू कमी होत जातात, आणि पाळी थांबायच्या सुमाराला हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. काहीतरी जड उचलत जा." मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे जड उचलल्याशिवाय दिवस जात नाही." मक्याची पोती, अद्रकाचे क्रेट, पाण्याचे हंडे, कडेवरची लेकरं. त्या म्हणाल्या, "ते काम झालं. मी व्यायाम म्हणतेय."

हा फरक मला पुढं आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींनी समजावून सांगितला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्यायाम कशाला म्हणायचं ते सांगितलंय: जी हालचाल देहाला स्थिर करते आणि त्याचं बळ वाढवते ती, आणि ती मात्रेनं करावी. मी हे तीन शब्द घेऊन घरी आले. स्थैर्य, बळ, मात्रा. कापूस वेचणाऱ्या बाईच्या दिवसात यातलं काय असतं? आठ तास कमरेत वाकून तीच एक हालचाल. ओझं हळूहळू वाढवायचं कुणी ठरवत नाही. विसावा कधी घ्यायचा ते ऊन ठरवतं नाहीतर मुकादम. आणि मात्रा तर नाहीच, कारण ओटी भरल्यावर दुसरी भरायची असते. कामानं देह झिजतो. व्यायामानं भरतो, तो मापात केला तर. आमच्या बायका राबून राबून थकतात तरी चाळिशीतच त्यांच्या हातातला जोर का जातो, याचं उत्तर मला तिथं मिळालं.

मग मी भाच्याला म्हटलं, मलाही शिकव.

त्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड, शुक्रवारी पाय, शनिवारी पोट. रोज चार प्रकार, प्रत्येकाचे चार सेट, सेटला बारा वेळा. रोजचा सव्वा तास. दिवसाला सहा वेळा खाणं. प्रोटीनचा हिशोब त्यानं किलोमागं १.६ ग्रॅमचा मांडला होता. माझं वजन ५८ किलो, म्हणजे रोजचे ९३ ग्रॅम. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा शिजत नाही. हरभरा, तूर, शेंगदाणे, दूध, सोयाबीनच्या वड्या असं सगळं धरून मी जेमतेम साठाशी पोचायची. (साध्या तब्येतीच्या माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम पुरतं असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, म्हणजे मला ४८. हे मला नंतर कळलं.) भाच्यानं मनापासून आणि जिवापाड प्रेमानं लिहून दिलं होतं ते. त्याला जे मिळालं ते त्यानं मावशीला दिलं.

मी सात आठवडे केलं. पहाटे चारला उठायची. पडवीत त्याचे डंबेल. पाचव्या आठवड्यात ब्लाउजच्या बाह्या घट्ट झाल्या आणि मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आरशापुढं उभी राहून मी हात वळवून बघितला. ४५ वर्षांत मी माझा हात असा कधी बघितला नव्हता.

सातव्या आठवड्यात पाठीत उसण भरली, पण मी थांबले ती त्यामुळं नाही. गुरुवार होता. सकाळी वेळ मिळाला नव्हता म्हणून संध्याकाळी करत होते. दंडाचा तिसरा सेट चालू असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली, कडेवर लेकरू. ऊसतोडीहून घर परत आलेलं. लेकरू रडतही नव्हतं, आणि रडत नाही ते लेकरू वाईट, हे मला पक्कं माहीत आहे. ती म्हणाली, "ताई, याला जरा बघता का?" आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: अजून एक सेट राहिलाय.

मी डंबेल खाली ठेवलं. पट्टी लावली. ११.३. पुढं जे करायचं ते सगळं केलं, ग्राम बाल विकास केंद्रात दाखल केलं, दिवसातून ठरल्या वेळी खाऊ घातलं. तीन महिन्यांनी ते पोर हिरव्यात आलं. पण तो एक विचार माझ्या मनात आला होता, हे मी विसरू शकले नाही. माझा दंड माझ्या आणि त्या लेकराच्या दंडाच्या मधे येऊन उभा राहिला होता.

रात्री मी आप्पांना, माझ्या वडिलांना, हे सांगितलं. आप्पा ७४ वर्षांचे, रोज संध्याकाळी हरिपाठ, आषाढी चुकली नाही. मला वाटलं ते म्हणणार, नाशिवंत देहाचे चोचले करायला तुला सांगितलं कुणी. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी चांगदेवांची गोष्ट सांगितली. लहानपणापासून ऐकलेली, पण त्या रात्री नव्यानं ऐकली.

पुणतांब्याला, गोदावरीकाठी, ज्यांची समाधी आहे ते चांगदेव. योगबळानं त्यांनी १४०० वर्षं देह राखला असं आपण सांगतो. काळ आला की प्राण वर चढवायचा आणि त्याला परत पाठवायचा. त्यांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं, पण मायना सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानानं मोठे, नमस्कार लिहावा तर वयानं पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताई म्हणाली की इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांनी उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी. पुढं वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन चांगदेव भेटीला आले आणि ही भावंडं बसल्या भिंतीसह सामोरी गेली. शेवटी त्या १४०० वर्षांच्या देहानं मुक्ताईसारख्या कोवळ्या पोरीला गुरू केलं.

आप्पा म्हणाले, "पोरी, या गोष्टीत चांगदेवाच्या देहाला कुणी नावं ठेवत नाही. वाघालाही कुणी हाकलत नाही. एवढंच विचारलंय, की चौदाशे वर्षं राखलंस, त्यात भरलंस काय?"

आणि मग ते जे बोलले त्यावर मी वर्षभर विचार करते आहे. ज्ञानेश्वर स्वतः नाथपंथातले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन त्यांनी मूळ गीतेत आहे त्याच्या किती तरी पुढं जाऊन केलंय, जाणकाराच्या हातानं. म्हणजे अवघड वाट त्यांना ठाऊक होती. १२९० साली नेवाशात हे सगळं सांगून झाल्यावर शेतकऱ्याच्या, शिंप्याच्या, कुंभाराच्या हातात त्यांनी काय ठेवलं? हरिपाठ. माळ, पंधरा दिवसांनी एकादशी, वर्षातून वारी. नांगर धरून करता येईल, जात्यावर बसून करता येईल असं. त्याला आपल्याकडं तप म्हणत नाहीत, नेम म्हणतात. तप करायला घर सोडावं लागतं. नेम घरात राहून होतो, आणि मरेपर्यंत होतो.

भाच्यानं दिलेला कागद मी पुन्हा काढून बघितला तेव्हा मला तो पहिल्यांदा नीट वाचता आला. दिवसाच्या सहा ठरल्या वेळा, ठरलेलं अन्न, लग्नाकार्यातलं जेवण वर्ज्य, पुरणपोळी वर्ज्य, झोपेची वेळ ठरलेली, मनात सतत एकच ध्यान. हा संन्यास आहे! देह पीळदार करणाऱ्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, आणि तो आदर म्हणूनच मी हा शब्द वापरते. ज्यानं तो घेतलाय त्यानं तो निभवावा. पण ज्याच्या अंगावर घर आहे, शेत आहे, कचेरी आहे, आजारी सासू आहे, त्यानं दुसऱ्याचा संन्यास सव्वा तासापुरता अंगावर घेऊ नये. गीता स्वधर्माबद्दल जे बजावते ते मला इथं अगदी लागू वाटतं. अर्धा संन्यास आणि अर्धा संसार केला की दोन्हीकडं चिडचिड उरते. मी ती दारातल्या बाईवर काढणार होते.

इथवर आप्पांचं आणि माझं जुळलं. पुढं नाही. कारण आप्पांचा निष्कर्ष असा की मग सोडून दे, देहाचं काय एवढं, हरिपाठ म्हण. आणि ते मला पटेना. त्याचं कारण आमच्या गावातच आहे.

देवगाव हे संत बहिणाबाईंचं माहेर. बहिणाबाई म्हटलं की लोकांना खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात, त्या १८८० मधल्या. आमच्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या, १६२८ मधल्या. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. सासर शिऊर, तिथंच समाधी. कोवळ्या वयात लग्न झालं ते तिशीतल्या बिजवराशी. घर सोडून भटकावं लागलं, कोल्हापूरला जयरामस्वामींच्या कीर्तनात मन रमलं, गाईचं वासरू तिच्या मागं मागं कीर्तनाला यायला लागलं. बायकोचं नाव लोकांच्या तोंडी झालं म्हणून नवऱ्यानं बांधून मारलं, तेव्हा गाईवासरानं चारा सोडला. वासरू गेलं, आणि ती स्वतः निपचित पडली असताना तिला तुकोबांचं दर्शन झालं. हे सगळं तिनं स्वतः अभंगात सांगून ठेवलंय. आपल्या भाषेत बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं इतकं जुनं आत्मचरित्र दुसरं मला माहीत नाही.

ते अभंग वाचताना मला जाणवतं की तिच्या देहावर तिचा सोडून सगळ्यांचा हक्क होता. बापानं तो दिला, नवऱ्यानं मारला, समाजानं त्याला वेद ऐकायची बंदी घातली. बाईचा देह किती पराधीन, हे दुःख तिनं लपवलं नाही. पुढं देहूला तुकोबांच्या सहवासात राहून याच बाईनं संस्कृतातली वज्रसूची मराठी अभंगात आणली. वज्रसूचीचा प्रश्न आहे, ब्राह्मण म्हणायचं कुणाला? देहाला? सगळ्यांचे देह त्याच पंचमहाभूतांचे, तेच म्हातारपण, तेच मरण. आणि देहच ब्राह्मण असता तर बापाच्या प्रेताला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्येचं पाप लागलं असतं.

आता हे आणि भाच्याचा टेप यांचा काय संबंध? मला वाटतं, फार जवळचा. देहबुद्धी म्हणजे देहाची काळजी घेणं असं आपण धरून चाललोय. वज्रसूची वाचल्यावर मला देहबुद्धी वेगळी दिसायला लागली. माणसाची किंमत त्याच्या देहात आहे असं मानणं, ही देहबुद्धी. दुसऱ्याच्या जन्माकडं बघून 'तू हलका' म्हणणारा आणि स्वतःच्या दंडाकडं बघून 'मी मोठा' म्हणणारा, दोघंही एकच चूक करतात. मग ज्या बाईनं कधी स्वतःच्या देहाकडं बघितलंच नाही, जी सगळ्यांचं झाल्यावर तव्यातलं उरलेलं खाते, तिला देह नाशिवंत आहे म्हणून सांगायचं कशासाठी? तिला ते माहीत आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया पांडुरोगी, रक्त कमी असलेल्या निघाल्या. संतांनी देहाचे लाड करू नका असं सांगितलं ते लाड करणाऱ्यांना. ज्यांच्या देहाचे लाड कुणी केलेच नाहीत, त्यांनी तो उपदेश आपल्या अंगावर ओढून घ्यायचं कारण नाही. मी हे आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बहिणाबाईनं मरताना पोराला आपले मागचे बारा जन्म सांगितले. इतके देह तिनं लक्षात ठेवले होते." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी दुधाचा पेला त्यांनी झाकून ठेवला होता.

जिमच्या भिंतीबद्दल सांगायचं राहिलं. भाच्याचा डबा द्यायला गेले तेव्हा बघितलं, एका भिंतीला मारुतीची तसबीर आणि समोरच्या सबंध भिंतीला आरसा. आरशाच्या वर कालिदासाचं ते प्रसिद्ध वचन रंगवलेलं, देह हे धर्माचं पहिलं साधन असं सांगणारं. गुरुजींना विचारलं तर त्यांनी कुमारसंभवाचा पाचवा सर्ग काढला. तो श्लोकाचा चौथा चरण आहे. पार्वती शंकरासाठी तप करते आहे, पानंसुद्धा खायची सोडली म्हणून अपर्णा झालेली. शंकर बटूच्या रूपात येऊन तिची विचारपूस करतो. समिधा, दर्भ मिळतात ना, पाणी स्नानाजोगं आहे ना. आणि तिसऱ्या चरणात विचारतो, आपल्या शक्तीप्रमाणंच तप करते आहेस ना? त्याचं कारण म्हणून चौथा चरण येतो. म्हणजे ते वचन मुळात थांबवण्यासाठी आहे! जास्त करणाऱ्या पोरीला काळजीनं विचारलेला तो प्रश्न आहे. भिंतीवर रंगवणाऱ्यानं प्रश्न सोडला आणि उत्तर तेवढं घेतलं.

वैद्यांनीही तेच सांगितलंय. वाग्भटानं अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा असं लिहिलं, तोही सशक्तांनी, चांगलं स्निग्ध खाणाऱ्यांनी, थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. आणि अतिव्यायाम करणाऱ्याला त्यानं हत्तीला ओढत नेऊ पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली. सिंह दुबळा नसतो. तरी मरतो.

मारुतीसमोर आरसा लावलेला मला सहन झाला नाही, हेही सांगते. मारुतीला आपली शक्ती आठवतच नव्हती. समुद्रकाठी जांबवंतानं आठवण करून दिली, सीतेचा शोध घ्यायचा होता म्हणून. द्रोणागिरी उचलला तो लक्ष्मण निपचित पडला होता म्हणून. जांबच्या समर्थांनी गावोगाव मारुती बसवला, सूर्यनमस्कारांचा घोष केला, तो बळ उपयोगी पडावं म्हणून. आमच्याकडच्या तालमीत हौदातली माती अंगाला लागायची, समोर दुसरा माणूस असायचा, तो पाडायचा तेव्हा आपलं बळ कळायचं. आरशात कुणी पाडत नाही.

भाच्याचं पुढं काय झालं तेही इथं सांगायला हवं. दिवाळीनंतर तो एका 'श्री' स्पर्धेत उतरला. शेवटचे दोन दिवस त्यानं मीठ बंद केलं, पाणी जवळपास बंद केलं. कातडी स्नायूला चिकटून रेघ दिसावी म्हणून. ओठ फुटले होते, डोळे आत गेले होते. स्पर्धा झाल्यावर मंडपामागं त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो जमिनीवर लोळत होता. मी त्याच्या तोंडाला मीठसाखरेचं पाणी लावलं, जुलाब झालेल्या लेकरांना लावते तसं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभानं आणि अहंकारानं देहातल्या भूतांना सुकवणाऱ्यांच्या निश्चयाला आसुरी म्हटलंय. मी तो अध्याय किती वेळा ऐकला होता, पण कुणाबद्दल आहे ते मला त्या मंडपामागं कळलं. माझं पोर असुर नाही. ते २३ वर्षांचं, भलं, मावशीचा हंडा स्वतःच्या खांद्यावर घेणारं पोर आहे. त्याचा हा शिकायचा, कमवायचा काळ आहे, त्यानं देह कमवावा. पण पाणी तोडू नये, आणि कुणी स्टेरॉइडची सुई पुढं केली तर घेऊ नये. बाहेरून घेतलेल्या त्या औषधांनी हृदय, यकृत आणि पुरुषपण यांची जी हानी होते ती वैद्यकाला पक्की ठाऊक आहे. हे मी त्याला पाय धरून सांगितलं. मावशीनं भाच्याचे पाय धरले, म्हणून तो रडला.

मग मी काय करते? सोडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी जे सांगितलं ते साधं आहे. आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम. दोन दिवस! सहा नाही. आठवड्याचे एकूण सेट तेवढेच ठेवले तर ते दोन दिवसांत केले काय आणि चार दिवसांत केले काय, स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असंही संशोधन सांगतं. आमच्यासाठी नेम तयारच होता, आम्ही तो चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

देह कमावणाऱ्यांकडून मी दोन गोष्टी घेतल्या आणि त्यांचा उपकार मानते. एक, ओझं हळूहळू वाढवायचं. दुसरी, वहीत लिहायचं. बाकी सगळं घरचं. मक्याची गोणी छातीशी धरून पाटावर बसायचं आणि उठायचं. कंबर न वाकवता, पाठ सरळ ठेवून ती जमिनीवरून उचलायची. ओट्याला हात टेकून जोर काढायचे. झाडाच्या फांदीवरून टाकलेल्या दोरानं बादली वर ओढायची. डंबेल डोक्यावर उचलायचं. दोन हातांत दोन भरलेले कॅन घेऊन अंगणाच्या चार फेऱ्या. प्रत्येकाचे दोन सेट, आठ ते बारा वेळा, आणि अजून दोनदा झालं असतं असं वाटताना थांबायचं. वाग्भटाची अर्धी शक्ती मी अशी धरते. सगळं मिळून ४० मिनिटं. गोणीत पहिल्या दिवशी दहा किलो मका होता, आज पंचवीस आहे. दर पंधरवड्याला थोडा थोडा वाढवत गेले, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीला, म्हणजे विसरायला होत नाही. उसण पुन्हा भरली नाही. साखर हद्दीच्या आत आली. ओटा उतरताना हात भिंतीकडं जात नाही.

आणि दारात कुणी आलं तर गोणी खाली ठेवायची. तेवढा एक नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

आधी मी एकटी होते. नंतर मदतनीस ताई आल्या, मग शेजारची सून, मग तिची सासू. आता मंगळवारी आणि शुक्रवारी, लेकरं घरी गेल्यावर, अंगणवाडीच्या पडवीत आम्ही सातजणी असतो. सगळ्यात थोरली ६१ वर्षांची आहे. पडवीत आरसा नाही. देवगावात किंवा आसपासच्या वस्तीवर जी कुणी हे वाचत असेल तिनं यावं. साडीचा काष्टा घालून आलं तरी चालतं, पैसे लागत नाहीत, आणि रिकामी गोणी मात्र घरून आणावी, कारण मका आमच्याकडे भरपूर आहे, गोण्या कमी पडतात.